माशीचा जबाब नोंदवून घ्या

‘झुडपात अनोळखी इसमाचा मृतदेह कुजलेल्या अवस्थेत आढळला, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद.’ तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या पेपरात आतल्या पानावर अशी तीन ओळींची बातमी अधूनमधून असते. आपण नाक मुरडून पान उलटतो. त्या तीन ओळींत एक गोष्ट कधीच छापून येत नाही, ती म्हणजे तिथे सगळ्यांत आधी कोण पोहोचलं. पोलीस नव्हेत, वार्ताहर नव्हे, गुरं राखणारा पोरगाही नव्हे. माशी. तिला कुणी फोन केलेला नसतो, हद्दीचा वाद तिला ठाऊक नसतो आणि पंचनामा होईपर्यंत तिची पुढची पिढी तिथे नांदत असते.

या पिढीवरून मृत्यूचा काळ काढण्याच्या शास्त्राला न्यायवैद्यक कीटकशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण मामला चटपटीत आहे. फक्त जेवताना वाचू नका.

पहिली हजेरी

उघड्यावर, दिवसाउजेडी, उकाड्यात शव पडलं तर निळ्या-हिरव्या चकचकीत माश्या काही मिनिटांत हजर होतात. नाकपुड्या, डोळ्यांचे कोपरे, तोंड, जखम अशा ओलसर जागा शोधून मादी अंडी घालते. एका बैठकीत दोनशे-तीनशे अंडी सहज होतात. लांबून पाहिलं तर कुणी रवा सांडलाय असं वाटावं. उन्हाळ्यात ती दिवसभरात फुटतात. अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. मग ती खाणं थांबवते आणि चक्क चालू लागते. शव सोडून कोरडी जागा शोधते, मातीत, पालापाचोळ्यात, खोली असेल तर सतरंजीखाली शिरते आणि तिथे तपकिरी कोष करते. आपल्याकडच्या नेहमीच्या माशीचा अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा प्रवास ऐन उकाड्यात साधारण दहा दिवसांत आटोपतो.

चालून जाणाऱ्या या अळ्यांपायीच बरेच तपास फसतात. सगळे शवाकडे बघत असतात आणि वयाने सर्वांत मोठे साक्षीदार तीन-चार फुटांवर पाल्याखाली लपून बसलेले असतात.

आणखी एक. या माश्या सहसा अंधारात अंडी घालत नाहीत. एमआयडीसीच्या भाषेत सांगायचं तर त्यांना थर्ड शिफ्ट नाही. रात्री अकराला खून झाला तर पहिली अंडी बहुधा उजाडल्यावरच पडतात. हे सात-आठ तास हिशेबात धरले नाहीत तर खुनी चक्क फर्स्ट शिफ्टला कामावर होता असं सिद्ध होऊ शकतं.

डॉ. साळुंखे यांची क्षमा मागून

‘सीआयडी’ मालिकेतले डॉ. साळुंखे शवावरची चादर उचलतात आणि मृत्यूची वेळ सांगून मोकळे होतात. खरा डॉक्टर शव किती गार पडलं, ताठरपणा आला का, रक्त खाली उतरून डाग कुठे पडले, हे बघतो. पण या खुणा साधारण दोन-तीन दिवसच कामाच्या. त्यानंतर ताठरपणा गेलेला असतो, तापमान हवेएवढं झालेलं असतं आणि डॉक्टरांचा अंदाज ‘चार ते दहा दिवस’ असा ऐसपैस होत जातो. माणसाचं ज्ञान जिथे ढिलं पडतं, तिथून पुढे अळ्यांचं पक्कं होतं.

मात्र अळी ‘मृत्यू कधी झाला’ हे सांगत नाही. ‘माशी कधी आली’ हे सांगते. खोलीचं दार-खिडकी बंद असेल, शव गोणीत बांधलेलं असेल, धो धो पाऊस चालू असेल, तर माशीला उशीर होतो. म्हणून जाणकार मंडळी ‘निदान इतके दिवस’ एवढंच बोलतात. त्यापुढे जाऊन कुणी तास-मिनिटं सांगू लागला तर तो मालिकेतला समजावा.

मे महिन्यातली अळी, डिसेंबरातली अळी

अळीचं वय दिवसांत मोजत नाहीत, उष्णतेत मोजतात. गणित सातवीतल्या मुलालाही येईल असं आहे. समजा एखाद्या माशीची वाढ 10 अंशांखाली थांबते. 10 च्या वर जितके अंश, तितकी तिची दर तासाची कमाई. अंड्यापासून माशी व्हायला तिला, समजा, 4,000 ‘अंश-तास’ कमवायचे आहेत. तळेगावात मे महिन्यात सरासरी 30 अंश धरले तर तासाला 20 जमा, म्हणजे 200 तास. साधारण सव्वाआठ दिवसांत काम तमाम. डिसेंबरात सरासरी 20 धरले तर तासाला 10, म्हणजे 400 तास. साडेसोळा दिवसांहून थोडं जास्त. माशी तीच, शव तसंच, फरक दुपटीचा. (आकडे गणितापुरते, प्रत्येक जातीचा हिशेब वेगळा.)

यात दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे अळ्यांची गर्दी. हजारो अळ्या एकत्र वळवळतात तेव्हा त्या घोळक्याचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी चढतं. बाहेर थंडी असली तरी आत त्यांचा मे चालू असतो. म्हणून थर्मामीटर हवेत धरायचा, जमिनीला लावायचा आणि नाइलाजाने अळ्यांच्या गोळ्यातही खुपसायचा.

दुसरी खाच खास आपली. हवामानाची नोंद ‘तळेगाव’ची मागवायची, पण कुठल्या? दाभाडे की ढमढेरे? एक मावळात, दुसरं शिरूर तालुक्यात. एकीकडे सह्याद्रीचा पाऊस, दुसरीकडे पर्जन्यछायेतला कोरडा पूर्वभाग. कागदावर नुसतं ‘तळेगाव’ लिहिलं आणि दुसऱ्या गावाचं तापमान येऊन पडलं की अळीचं वय चुकलंच. पाहुण्यांच्या पत्रिका आणि कुरिअरची पाकिटं या दोन गावांत चुकतात ते चालून जातं, पण न्यायालयात नाही चालणार.

ओळख परेड

सगळ्याचं मूळ इथे आहे. माशी कोणती हे कळलं नाही तर वरचं गणित रद्दी. दोन माश्या सारख्याच हिरव्या दिसतात आणि त्यांच्या वाढीत दिवसाचा-दोन दिवसांचा फरक असतो.

परेडमध्ये पहिली उभी करावी क्रायसोमाया मेगासेफाला. तुम्ही हिला ओळखता, नाव माहीत नसतं एवढंच. मासळी बाजारात, कचराकुंडीवर, कापलेल्या फणसाच्या चारखंडांवर जी जाडजूड निळी-हिरवी माशी घोंघावते तीच ही. डोके मोठे, डोळे गडद लाल, गाल नारिंगी. नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले, आणि भिंग घेऊन पाहिलंत तर त्यांतल्या वरच्या बाजूच्या भिंगोळ्या मोठ्या, खालच्या बारीक, मध्ये स्पष्ट रेघ. इतकी ठसठशीत खूण फार थोड्या माश्यांना मिळाली आहे. गंमत म्हणजे आंब्याच्या मोहरावरही ही येते आणि परागीकरणाला हातभार लावते. काही देशांत बागायतदार तिला बोलावण्यासाठी बागेत कुजकी मासळी टांगतात. तेव्हा हापूस खाताना तिचे थोडे आभार मानायला हरकत नाही.

दुसरी तिची चुलत बहीण, क्रायसोमाया रुफिफेसीस. हिचे गाल फिके, पण खरी ओळख अळीची. बाकीच्या अळ्या गुळगुळीत, हिची अंगभर मांसल काट्यांची, म्हणून इंग्रजीत तिला ‘केसाळ अळी’ म्हणतात. ही शव खाते आणि वर शेजारच्या अळ्याही खाते. आधी आलेल्या माश्यांची सगळी पोरं हिने फस्त केली तर तपासनिसाच्या हाती राहते फक्त उशिरा आलेली पिढी, आणि मृत्यूचा काळ अलीकडे सरकतो. साक्षीदाराने दुसऱ्या साक्षीदाराला खाऊन टाकण्याचा हा प्रकार आपल्या कायद्यात कुठल्या कलमात बसतो कोण जाणे. हिचा आणखी एक विचित्रपणा: एका मादीला आयुष्यभर एक तर मुलगेच होतात किंवा मुलीच.

तिसरी ल्युसिलिया, तांब्याची झाक असलेली हिरवी. चौथी सार्कोफागा, म्हणजे मांसमाशी. राखाडी अंग, छातीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाचा पट. ही अंडी घालण्याच्या भानगडीत पडत नाही, थेट जिवंत अळ्या सोडते. म्हणजे अंडं फुटण्याचा वेळ वजा करावा लागतो. मांसमाश्यांच्या जाती एकमेकींत इतक्या मिसळतात की तज्ज्ञही नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पसरून पाहिल्याशिवाय नाव घेत नाहीत. मादी हाती लागली तर कपाळावर आठी.

आणि अळ्या? त्या तर सगळ्या तांदळाच्या दाण्यासारख्या. पण अळीला उलटी करून तिचा मागचा भाग बघावा. तिचं तोंड सदैव अन्नात बुडालेलं असतं, त्यामुळे ती श्वास घेते मागून. तिथे दोन श्वासछिद्रं असतात आणि त्यांत चिरा. पहिल्या अवस्थेत एक, तीही धड दिसत नाही, दुसऱ्या अवस्थेत दोन, तिसरीत तीन. चिरा मोजल्या की अळी कोणत्या इयत्तेत आहे ते कळतं.

हे सगळं जमत नसेल तर डीएनए. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये जनुकाच्या एका ठरावीक तुकड्यावरून प्राण्याची जात ओळखण्याची ‘बारकोड’ पद्धत मांडली. पाय तुटका असो की कोषाचं रिकामं टरफल, काम भागू शकतं. या हेबर्ट यांच्या नावाचं बारकोडिंग केंद्र आपल्या मराठवाड्यात आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. हे पुण्या-मुंबईत किती जणांना माहीत आहे?

लोकलने चार स्टेशनं

पुण्या-मुंबईचं सोडा. तळेगावहून पुण्याच्या लोकलमध्ये बसा. घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड आणि आकुर्डी. चौथ्या स्टेशनावर उतरलात की रावेत रोडला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. ही संस्था 1916 सालची, मुख्यालय कोलकात्यात. प्राण्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणं, नमुना टाचणीला लावून वर्षानुवर्षं जपणं, हे तिचं रोजचं काम. 2021 मध्ये संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झालेल्या डॉ. धृती बॅनर्जी यांचा अभ्यासविषय काय असावा? माश्या. इतक्या कारखान्यांच्या गर्दीत, जिथे गिअर आणि पिस्टन ओळखणारे हजारो आहेत, तिथे माशी ओळखणारी संस्थाही आहे, ही पिंपरी-चिंचवडची सर्वांत दुर्लक्षित श्रीमंती म्हणायला हवी.

भारतातल्या या माश्यांचा पाया घालणारा ग्रंथ 1940 सालचा. सीनियर-व्हाइट, ऑबर्टिन आणि स्मार्ट या तिघांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत निळ्या-हिरव्या माश्यांवर अख्खा खंड लिहिला. त्यातले सीनियर-व्हाइट हे बंगाल नागपूर रेल्वेचे हिवतापतज्ज्ञ. रेल्वेत डास मारायची नोकरी आणि माश्यांवर ग्रंथ! पुढे शवावर कोणते कीटक कोणत्या क्रमाने येतात याचा भारतातला महत्त्वाचा अभ्यास पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात झाला. मीनाक्षी भारती आणि देविंदर सिंग यांनी सशांच्या शवांवर ऋतूगणिक नोंदी केल्या, त्या 2003 मध्ये प्रसिद्ध झाल्या. पण पंजाबातला जून वेगळा आणि मावळातला जून वेगळा. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाने 1981 पासून दान केलेले मानवी देह उघड्यावर ठेवून अभ्यास चालवलाय, तोही तिथल्या हवेपुरता. पवन मावळात आषाढात पडलेल्या शवाचं वेळापत्रक मावळातच तयार करावं लागेल.

मुंबईचा डॉक्टर आणि लँकेस्टरच्या अळ्या

या शास्त्रातला जगातला सर्वांत गाजलेला खटला एका मुंबईकराचा आहे. बक रक्स्टन. मूळ नाव बख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम, जन्म मुंबईत 1899 मध्ये पारशी कुटुंबात, वैद्यकाची पदवी मुंबई विद्यापीठाची. 1930 मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर गावात दवाखाना थाटला. गोरगरिबांचा डॉक्टर म्हणून नाव झालं. घरात मात्र सहचरी इझाबेलाबरोबर रोजची भांडणं आणि डोक्यात संशय.

सप्टेंबर 1935 च्या मध्याला इझाबेला आणि घरातली मोलकरीण मेरी रॉजरसन दोघी नाहीशा झाल्या. 29 सप्टेंबरला स्कॉटलंडमधल्या मॉफट गावाजवळ, लँकेस्टरपासून शंभर मैलांवर, पुलावरून ओढ्यात डोकावणाऱ्या एका बाईला गाठोड्यातून बाहेर आलेला हात दिसला. दोन देहांचे तुकडे कागदात आणि कपड्यांत गुंडाळून फेकलेले होते. डॉक्टरचाच हात तो. ओळख पटेल अशा खुणा शिस्तीत काढून टाकलेल्या. पण गडी दोन ठिकाणी चुकला.

एक, रद्दीत. गुंडाळायला वापरलेला एक पेपर 15 सप्टेंबरच्या ‘संडे ग्राफिक’चा होता, आणि तोही लँकेस्टर परिसरापुरत्या छापलेल्या खास आवृत्तीचा. दोन, अळ्यांत. ग्लासगो विद्यापीठाचे डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी त्या अळ्या कॅलिफोरा विसिना या निळ्या माशीच्या असल्याचं ओळखलं आणि त्यांचं वय बारा ते चौदा दिवस सांगितलं. म्हणजे शवं तिथे निदान तेवढे दिवस पडून होती. दोघी नाहीशा झाल्याच्या तारखेशी हिशेब जुळला. ब्रिटनमध्ये अळ्यांच्या वयाचा तपासात एवढा ठळक उपयोग झाल्याचं हे पहिलं गाजलेलं उदाहरण. कवटीवर इझाबेलाच्या फोटोचं चित्र बसवून ओळख पटवण्याचा तेव्हाचा नवा प्रयोगही याच खटल्यातला. 12 मे 1936 रोजी मँचेस्टरच्या तुरुंगात रक्स्टन फासावर गेला. अळ्या मात्र अजून आहेत, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये, बाटलीत. एका मुंबईकर डॉक्टरला पकडून देणाऱ्या त्या अळ्या आपल्याकडच्या वैद्यकीय कॉलेजांत निदान चित्रात तरी दाखवायला हव्यात.

विळे मांडून ठेवा

पुरावा म्हणून माशीचा फार जुना उल्लेख चीनमधला. 1247 मध्ये सुंग त्सी या न्यायाधिकाऱ्याने मृत्यूच्या तपासावर पुस्तक लिहिलं, त्यात ही हकिकत आहे. रस्त्याकडेला माणूस मेलेला, अंगावर विळ्याचे घाव. अधिकाऱ्याने गावातले सगळे विळे आणून उन्हात मांडायला लावले. सगळे पुसून लख्ख. थोड्या वेळाने माश्या आल्या आणि एकाच विळ्यावर बसल्या. विळ्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. एकही रुपया खर्च नाही, केमिकल ॲनालायझरच्या रिपोर्टची वाट बघणं नाही.

फ्रान्समध्ये उलटं घडलं. राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1794 च्या सुमारास पिएर लात्रेय नावाचा धर्मगुरू बोर्दोच्या तुरुंगात होता. कोठडीच्या फरशीवर त्याला एक लालसर मानेचा छोटा भुंगेरा दिसला आणि हा कैदी आनंदाने वेडापिसा झाला. तपासणीला आलेल्या डॉक्टरने तो कीटक एका तरुण निसर्गप्रेमीकडे पोहोचवला, त्याला लात्रेयचं काम माहीत होतं, त्याने खटपट केली आणि लात्रेय सुटला. पुढे तो त्याच्या काळातला सर्वांत मोठा कीटकतज्ज्ञ झाला. भुंगेऱ्याचं नाव नेक्रोबिया, आणि तो मुळात शवावरचा कीटक.

नेक्रोबियाचा लाल पायांचा भाऊबंद तुमच्या घरी येऊन गेलेला असू शकतो. सुक्या खोबऱ्यात, सुकटीत, बोंबलाच्या डब्यात निळसर चकाकणारा बारका भुंगेरा दिसतो तो हाच. माश्या ओलं मटेरियल संपवून गेल्या, शव वाळून खडखडीत झालं, की हा आणि कातडं खाणारा डर्मेस्टिस भुंगेरा येतात. यांच्यावरून काळ मोजायचा तो दिवसांत नव्हे, आठवड्या-महिन्यांत. संग्रहालयवाले हाडांचे सांगाडे साफ करायला डर्मेस्टिस मुद्दाम पाळतात, मजुरी काहीच पडत नाही. शव जमिनीत पुरलं तरी सुटका नाही. शवपेटी माशी नावाची चिमुकली माशी माती खणून दोन मीटर खालीही पोहोचते.

गाडीतला डास, बंपरवरचा टोळ

शवच लागतं असं नाही. फिनलंडमध्ये 2008 मध्ये चोरीला गेलेली गाडी सापडली. आत पोलिसांना रक्त पिऊन टम्म झालेला डास दिसला. त्या रक्ताचा डीएनए पोलिसांच्या नोंदीतल्या एका इसमाशी जुळला. तो म्हणे, मी नुसती लिफ्ट घेतली होती. आपल्याकडे गाडीत एकच डास सापडणं हाच संशयाचा मुद्दा होईल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या 2003 च्या एका हत्याकांडात आरोपी म्हणत होता की तो तेव्हा ओहायोत होता, भाड्याची गाडी तिथेच फिरवली. पोलिसांनी त्या गाडीचा रेडिएटर काढून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लिन किम्सी यांच्याकडे नेला. त्यात चिरडलेल्या कीटकांपैकी काही अमेरिकेच्या पश्चिम भागातच आढळणारे निघाले. 2007 मध्ये आरोपी दोषी ठरला. एक्स्प्रेस-वेने कोकणात उतरून रातोरात परत येणाऱ्या आणि ‘मी सोमाटणे फाट्याच्या पुढे गेलोच नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात असू द्यावं. उर्से टोलनाक्याचा कॅमेरा चुकवता येईल, बंपरवरचे कीटक नाही.

अळीच्या पोटात

शवाचे अवयव व्हिसेरा तपासणीच्या लायकीचे उरले नसतील तर अळीचा व्हिसेरा तपासता येतो. मृताने घेतलेली झोपेची औषधं, कोकेन, मॅलाथिऑनसारखं कीटकनाशक अळीच्या शरीरात सापडलेलं आहे. कोकेनवर वाढलेली अळी भराभर मोठी होते, तेव्हा वय मोजताना तेही धरावं लागतं. बंदुकीच्या दारूचा अंश अळ्यांत मिळतो. मेक्सिकोत एका जळालेल्या देहाची ओळख पटेना, तेव्हा अळ्यांच्या पोटातल्या मानवी डीएनएची तुलना वडिलांच्या डीएनएशी करून ती पटवली गेली.

खोटी साक्ष

कीटक फसवतातही. मुंग्यांनी मृत्यूनंतर कुरतडलेली कातडी हुबेहूब खरचटल्यासारखी, कधी ॲसिड पडल्यासारखी दिसते. नातेवाईक म्हणतात मारहाण झाली, डॉक्टर म्हणतात मुंग्या, आणि पोलीस ठाण्यासमोर गर्दी जमते. मुंग्या माशीची अंडीही पळवतात, म्हणजे हिशेब आणखी बिघडतो. रक्त चाखलेली माशी भिंतीवर बसून उलटी करते, तिचे ठिपके रक्ताच्या शिंतोड्यांसारखे दिसतात. खून एका खोलीत आणि शिंतोडे दुसऱ्या खोलीत, असा अख्खा कल्पित हल्ला एक माशी उभा करू शकते.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे अळ्या जिवंतपणीच पडलेल्या असणं. अंथरुणाला खिळलेल्या, कुणी न बघितलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या जखमेत त्या होतात. मग अळीचं वय मृत्यूचं सांगत नाही, हेळसांडीचं सांगतं. निदान किती दिवस कुणी जखम पुसली नव्हती ते. याच अळ्या निर्जंतुक करून, ल्युसिलियाच्या, जखमा साफ करायला डॉक्टर मुद्दाम सोडतात हा भाग वेगळा. सडलेलं तेवढंच त्या खातात. अमेरिकेत 2004 पासून त्यांना त्यासाठी रीतसर मान्यता आहे.

आणि अळी निर्दोषाच्या बाजूनेही उभी राहते. कॅनडात 1959 मध्ये चौदा वर्षांच्या स्टीव्हन ट्रस्कॉटला खुनासाठी फाशी सुनावली गेली, नंतर ती जन्मठेपेवर आली. मृत्यूची वेळ हा खटल्याचा कणा होता. अनेक दशकांनंतरच्या अपिलात शवविच्छेदनाच्या जुन्या टिपणांतल्या अळ्यांच्या वर्णनावरही तज्ज्ञांनी साक्षी दिल्या. 2007 मध्ये त्याची निर्दोष मुक्तता झाली. त्या डॉक्टरने अळ्यांविषयी लिहूनच ठेवलं नसतं तर?

बाटली, पेन्सिल, गरम पाणी

आपल्याकडे नेमकं तेच लिहिलं जात नाही. इन्क्वेस्ट पंचनाम्यात ‘अंगावर किडे पडलेले’ एवढे तीन शब्द येतात आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर पाण्याची नळी सोडून साक्षीदार गटारात जातात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने 1 जुलै 2024 पासून सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याचं बंधन आणलंय, राज्यांना ते टप्प्याटप्प्याने लागू करायला पाच वर्षं दिली आहेत. त्या तज्ज्ञाच्या पेटीत चार वस्तू वाढवल्या तरी पुष्कळ झालं.

थर्मामीटर, झाकणाच्या बाटल्या, थर्मासमध्ये गरम पाणी आणि ऐंशी टक्के अल्कोहोल. निम्म्या अळ्या आधी कडकडीत पाण्यात अर्धा मिनिट, मग अल्कोहोलमध्ये. थेट अल्कोहोलात टाकल्या की आक्रसून काळ्या पडतात आणि लांबी मोजता येत नाही. फॉर्मालिन नको, डीएनएची वाट लागते. उरलेल्या निम्म्या जिवंत ठेवायच्या, हवा जाईल अशा डब्यात कलेजीच्या तुकड्यावर, म्हणजे त्यांच्या माश्या झाल्यावर जात पक्की कळते. सर्वांत मोठ्या अळ्या नक्की घ्यायच्या, भोवतालच्या मातीतले कोष चाळायचे. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकायची, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि बाहेर चिकटवलेलं लेबल निघतं. हा सगळा सरंजाम एका वडापावच्या पार्सलच्या पिशवीत मावतो. तळेगावात मायमरसारखं मेडिकल कॉलेज आहे, आकुर्डीत माश्यांचे जाणकार आहेत, पिंपरी-चिंचवडला 2018 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. या तिघांनी एकदा बसून चहा घ्यायला हरकत नसावी.

राहिले तुम्ही-आम्ही. भाड्याच्या खोल्यांच्या चाळीत, बंद फ्लॅटमध्ये दोन दिवस वास येतो, मग कुणी तरी दार ढकलतं आणि पहिलं काम काय करतं तर फिनेल ओततं, माश्या मारायचा फवारा मारतं, उदबत्त्या लावतं. हेतू चांगला, पण फवाऱ्याने अळ्या मरतात आणि फिनेलने वाहून जातात. तशी वेळ आलीच तर फवाऱ्याला हात लावू नका, काही पुसू नका, दार ओढून घ्या आणि 112 ला फोन लावा.